तुझ्या हातच्या वाती

गोदे,

करंजीच्या तेलाची वाटी अजून चुलीजवळच्या कोनाड्यात आहे, अर्धी भरलेली. सकाळी चूल पेटली की माझा हात आपोआप तिकडे जातो. तेल कोमट करायचं, तुझ्यामागे बसायचं आणि पाठ चोळता चोळता गावभरच्या गोष्टी करायच्या, ही आपली जन्माची सवय. परवा मी वाटी खरोखरच निखाऱ्यावर ठेवली. तेल तापलं, वास सुटला, आणि मग ध्यानात आलं की चोळायला पाठ कुठे आहे. सून बघत होती. वाटी उतरवली आणि ते तेल माझ्याच पायांना लावत बसली.

तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तू शेवटी माझ्याकडे जे मागितलंस त्याचं काय झालं, ही एक. दुसरी मलाच ठाऊक नव्हती, तू गेल्यावर कळली. ती दुसरी गोष्ट तुझ्या कानावर जायला हवी होती, आणि गेली नाही, हेच मला जास्त खातं. पण तू मला ओळखतेस. सरळ मुद्द्यावर यायला मी काय पाटलाघरची चावडी आहे? आधी इकडचं तिकडचं येणारच. आणि आता तुला कुठे जायची घाई आहे.

मी परकर सावरत या घरात आले तेव्हा तू रांगत होतीस. मी माप ओलांडल्या ओलांडल्या सासूबाईंनी तुला माझ्या कडेवर दिलं आणि त्या पाहुण्यांच्या पंगतीला निघून गेल्या. नवरा कोणता ते मला नंतर समजलं, नणंद आधी समजली. तुला न्हाऊ माखू मीच घालायची. तुझ्या पाठीवर, मांड्यांवर फिकट डाग होते, गुळाचा पाक सांडून वाळावा तसे. मी घासून घासून काढायला बघायची आणि तू रडायचीस. सासूबाई हसायच्या. "अवो पोरी, मळ नोहे तो. लक्ष्मी चालून गेली तिच्या अंगावरून." आपण दोघींनीही पुष्कळ वर्षं ते खरं मानलं.

तू न्हाती झालीस आणि वर्षाच्या आत पाठीवर जवारीच्या दाण्याएवढ्या गाठी उठल्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या, पिकत नव्हत्या. बोटानं दाबलं की आत जायच्या, सोडलं की पुन्हा वर, जशी तिंबलेली कणीक. वैदूनं लेप दिला, भगतानं लिंबू उतरवलं. तरी दाणे वाढले. मग पूर्णेकाठच्या सासरी गेलीस, पोटात लेकरू राहिलं, आणि त्या नऊ महिन्यांत अंगभर पीक आलं. दंडावर, मानेवर, कपाळावर. लेकरू जगलं नाही, गाठी राहिल्या. तुझा दीर तुला "औषधाला आणली" म्हणून घेऊन आला आणि विहिरीपाशी गाडीतून उतरवून, बोचकं खाली ठेवून, घरात पाणी न पिता परत गेला. त्यांनी त्या दिवशी जे नाव तुला ठेवलं ते आपल्या गावानंही उचललं. महारोग. एकदा तो शब्द माणसाच्या अंगाला चिकटला की कातडी बदलली तरी निघत नाही.

तू मात्र गाठींना नावं ठेवायला बसलीस, गोदे. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. डोळ्यावर उतरलेली कपाळावरची ती मोठी, तो पटवारी, सारखा नजर ठेवून असतो म्हणून. खांद्यावरची जड ती सासू. "वैनी, सासू आज ठनकून राहिली, आभाय येते पाहा." मनगटावरची गोल ती बोर. पाठीवरच्या बारक्यांना तू नाव दिलं नव्हतंस, कारण त्या तुला दिसायच्या नाहीत. त्या माझ्या होत्या. त्यांना मी ओळखायची, एकेकीला, तेलाच्या हातानं, न बघता.

मग कापसाचे दिवस आले. साता समुद्रापलीकडे गोऱ्यांची कुठेतरी लढाई जुंपली आणि तिकडचा कापूस बंद पडला, असं तुझा दादा अमरावतीच्या बाजारातून ऐकून आला. लढाई तिकडे आणि चांदीच्या शेंब्या इकडच्या बैलांच्या शिंगांना. ज्यानं त्यानं जवारी मोडून कापसाची पऱ्हाटी पेरली. आपल्या अंगणात सरकी काढायचे रेचे दिवसभर कुरकुरायचे, गल्लीतल्या बाया येऊन बसायच्या, आणि कापसाची तूस सगळ्यांच्या केसांत. तुला मात्र आतल्या खोलीत बसायला लागायचं. आठवतं, शेजारची सखू एकदा तोंड वर करून म्हणाली होती, "तिचा हात कापसाले लागू देऊ नोको वो बाई. तो कापूस जो नेसंन त्याले होईन ना."

तू आतूनच बोललीस, "तो इलायतेले जाते, सखू. गोऱ्याले होईन मंग. तुले काहून घोर पडला?"

सगळ्या हसल्या. सखूसुद्धा हसली. मला वाटलं, आता हसल्या म्हणजे झालं, आता कुणीतरी म्हणेल, ये गोदे, बस बाहेर. कुणी म्हणालं नाही. हसू ओसरलं, रेचे पुन्हा कुरकुरायला लागले, आणि तू दाराआडून तुझी सावलीसुद्धा मागे घेतलीस. ते मी पाहिलं होतं. बोलले नव्हते कधी.

कापसानं पैसा आला तसे नवसही मोठे झाले. पाटलीणबाईंनी महादेवाला लाखवात बोलली, नातू होऊ दे म्हणून. आता लाख वाती एका बाईच्यानं व्हायच्या आहेत थोड्याच? तिनं घरोघर टोपलीभर कापूस वाटला. आपल्या घरची टोपली माझ्या नावानं आली. मी दोन दिवस वळल्या. तू त्यातली एक उचललीस, उजेडात धरलीस. "वैनी, हे वात हाय का नाडा? याच्यानं बैल बांधता येईन." आणि टोपली स्वतःकडे ओढलीस.

चिमूटभर राख बोटांना लावून तू कापूस ओढायचीस तो मला अजून दिसतो. कस्पट असलं की डोळ्यांनी नाही, बोटांनी सापडायचं तुला. पटवारी डोळ्यावर आलेला, अर्ध्या नजरेनं तू काय बघणार होतीस. तरी वात कशी, तर मधे जाड नाही, टोकाला बारीक नाही, सगळ्या जुळ्या बहिणी. टोपली मी देवळात पोचवली, गुरविणीच्या हाती दिली, आणि तिनं "ठेव" म्हटलं. दुसरी टोपली आली, तिसरी आली. लाखवात झाली तरी देवळाचं वातींचं काम आपल्या घरी राहूनच गेलं. मी एकदा तुला म्हटलं, "सांगू का गुरविणीले, कोनाच्या हातच्या हायेत?"

"नोको. देवाले माईत हाय. गुरविणीले काय करायचं माईत होऊन?"

लाखवात लावली त्या संध्याकाळी तू देवळामागच्या पिंपळापाशी उभी होतीस, घोंगडी पांघरून. पुढे यायची तुला बंदी. मी घरी आल्याबरोबर विचारलंस, "कशा जयल्या?"

"सरळ. काजळी नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

तू ताटावर बसलीस आणि भाकर संपवून आणखी मागितलीस. तू पुन्हा भाकर मागितलेली मी फार वेळा पाहिलेली नाही.

त्याच वर्षाच्या आगेमागे तुझा दादा जेवताना एकाएकी म्हणाला, "गोदीले अकोल्याले नेऊ." बस, एवढंच. तो जास्त बोलला असता तर त्याचं जेवण राहिलं असतं. अकोला अशासाठी की अमरावतीच्या बाजारात आपलं निम्मं गाव भेटतं, आणि तिकडे मोर्णा नदीपल्याड जुन्या शहरात त्याचा मावसभाऊ होता. बडनेऱ्याला नुकतीच आगगाडी आली होती. तू पदर नाकापर्यंत ओढून, हात पदराखाली दाबून कोपऱ्यात बसलीस. समोर एक हिंदुस्थानी बाई होती. तिचं लेकरू रडत होतं, तिला गाठोडं आवरायचं होतं, तिनं सहज ते तुझ्याकडे केलं. "जरा पकड़ना, बहन." तू भिंतीत शिरलीस. मीच पुढे होऊन घेतलं. तू पूर्ण वाटभर बाहेर बघत होतीस.

सरकारी दवाखान्यातल्या त्या गोऱ्या डॉक्टराची तुला किती भीती वाटली होती. त्यानं तुला डोळे मिटायला लावले. सुई कधी टोचायची, कधी नुसती मागची बाजू टेकवायची, आणि तू सांगायचंस. त्याचा मराठी माणूस विचारायचा, तू उत्तर द्यायचीस. "टोचलं. टेकलं. टोचलं. टेकलं. टोचलं. आता टोचलं म्हनलं ना बावा, कितींदा इचारता?" डॉक्टराला न समजताच हसू आलं. मग तो त्याच्याशी बराच वेळ बोलला आणि त्या माणसानं आम्हाला सांगितलं, "हा महारोग नाही. महारोगात कातडी बहिरी होते, हिला सगळं कळतं. हे जन्मापासूनच अंगात आहे, ते डागसुद्धा त्याचेच. कुणाला लागत नाही. औषध मात्र नाही."

लक्ष्मीची पावलं म्हणजे ही होती तर. मला वाटलं होतं तू आनंदानं उड्या मारशील. तू मोर्णेच्या वाळूत जाऊन बसलीस. तोंड धुतलंस, पुन्हा धुतलंस. मग म्हणालीस, "वैनी, मी इतकी वरसं कोनाच्या लेकराले हात नाई लावला. आपल्या शिवालेसुद्धा."

शिवा, माझा लेक. तो तुझ्यासमोर वाढला, आणि तू त्याला लांबून घास दाखवायचीस, मी भरवायची. दादा तुझ्यापासून दोन हातांवर उभा राहून नदीत खडे टाकत होता.

परतीच्या गाडीत दुसरंच कुणाचंतरी लेकरू होतं. या वेळी तूच हात पुढे केलेस. त्यानं तुझ्या मनगटावरची बोर धरली, दाबली, सोडली, पुन्हा दाबली, आणि खदखदून हसलं. त्याच्या आईला काही वाटलं नाही. तिला तो शब्द ठाऊकच नव्हता ना. बडनेऱ्यापर्यंत ते लेकरू त्या बोराशी खेळलं आणि तुझ्याच मांडीवर झोपलं. उतरताना तू ते परत दिलंस तेव्हा तुझे हात कसे रिकामे दिसले, ते मी कुठल्या शब्दांत लिहू.

आता आपलं भांडण. ते सोडून कसं चालेल? तेच तर अर्धवट राहिलं.

गावात येऊन मी ज्याला त्याला सांगितलं. पाणवठ्यावर सांगितलं, देवळात सांगितलं. लोकांनी ऐकलं आणि पाटील म्हणाला, "गोऱ्याले काय समजते आपला रोग? त्याच्या देशात असते का?" मग मी तुझ्यामागे लागले. म्हटलं, एकदा चार बायांसमोर, पाटलीणबाईंसमोर बस, डोळे मीट, मी सुई टोचते, तू सांग. म्हणजे तोंडं बंद होतील. तू ऐकेनास.

"मी का बाजारातली म्हैस हाय, दात उघडून दाखवू?"

"अगं, पण त्यानं सिद्ध होते ना."

"आज सिद्ध होईन. उद्या सखू म्हनंन, काल टोचत होतं, आज टोचते का पाहू. जोवर टोचते तोवर मी खरी. मंग काय रोज टोचून घेऊ?"

"रोज कोण सांगते? एकदा."

"वैनी, माह्या अंगाचा जामीन मी काहून देऊ? त्याईनं द्यावा ना, मले दाराआड बसवलं त्याचा."

मी चिडले. म्हटलं, तुझ्या ताठ्यापायी तू जन्मभर पिंपळामागे राहशील. तू म्हणालीस, राहीन. मग दोन दिवस पाठीला तेल लावताना आपण दोघी गप्प. तिसऱ्या दिवशी तूच बोललीस, "पाठीवरची कोन वाढली पाहा जरा," आणि झालं. पण भांडण मिटलं नाही. दर दोन महिन्यांनी ते उकरून निघायचं, कधी तू काढायचीस, कधी मी. आजही मला वाटतं, माझं निम्मं खरं होतं. निम्मं तुझं. कुठलं निम्मं मोठं, ते तू सांगायच्या आधीच गेलीस.

या दिवाळीनंतर तू लंगडायला लागलीस. मी विचारलं तर पाय मुरगळला म्हणालीस. तेल मी पाठीला लावायची, मांडी तू झाकून ठेवलीस. बाकी गाठी मऊ, ही एकटी आतून दगड झाली होती आणि दुखत होती. शेवटी पदर बाजूला केलास तेव्हा ती नारळाएवढी झालेली. "हिले नाव नाई ठेवलं," तू म्हणालीस. "हिचं लक्षन बरं नाई दिसत." अकोल्याला न्यायचं म्हटलं तर नको म्हणालीस. दादानं गाडी जुंपून दारात उभी केली होती. तू उठलीच नाहीस. बैल दुपारपर्यंत तसेच उभे, शेवटी त्यानंच सोडले.

आणि तेव्हा तू ते मागितलंस. ताप होता, पण शुद्धीत होतीस. माझा हात धरलास. "वैनी, मले पुरतीन हे लोक. नाल्यापल्याड, जिथं त्या रोग्याइले पुरते तिथं. मले मातीत घालू देजो नोको. मले आग देजो." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस, बरी होशील. तू डोळे मिटलेस. तू माझ्याकडून हो ऐकायला थांबली होतीस आणि मी बरी होशील म्हटलं. मरणाच्या दारातल्या माणसाला आपण कसली थुकरट उत्तरं देतो.

तू सकाळी गेलीस, शांत गेलीस. अंघोळ मीच घातली. सखू पाणी तापवून उंबऱ्यापर्यंत घेऊन आली आणि घागर तिथे ठेवून उभी राहिली. सून आत आली, माझ्याबरोबर बसली. मी एकेकीवरून हात फिरवला. पटवारी, सासू, बोर, आणि माझ्या त्या बिननावाच्या. बाजूला अर्धी शिवलेली वाकळ पडली होती, तिच्यात सुई खोचलेली. मी ती सुई हातात घेतली, गोदे. का घेतली, मला सांगता यायचं नाही. मग कळलं की आता तिचा उपयोग नाही. आपलं भांडण तिथेच संपलं. मेल्यावर सगळ्यांचंच अंग सारखं बहिरं.

बाहेर ओट्यावर माणसं जमली होती. मी दाराआडून ऐकत होते. पाटील म्हणाला, "नाल्यापल्याड खड्डा खनायले सांगतो. रीत हाय ते."

तुझा दादा म्हणाला, "तिले महारोग नोहता."

"आमाले काय माईत? कोनी पाहिलं?"

"डाक्टरनं पाहिलं."

"डाक्टर अकोल्याले हाय. मसन आपल्या गावात हाय. अशा मान्साचा धूर गावावर येऊ द्यायचा का? लेकराबायाइचं गाव हाय, बावा."

दादानं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. हा माणूस जन्मात कधी भांडला नाही, आज काय भांडणार? पण तो तसाच उभा राहिला. बसलाही नाही, हललाही नाही. मी पदर खोचला आणि बाहेर पडणार, तेवढ्यात कोपऱ्यावरून म्हातारी गुरवीण येताना दिसली, काठी टेकत, मुठीत तुळशीचं पान घेऊन. बायका पुरुषांच्या बैठकीत बोलत नाहीत, पण तिच्या वयाला कोण अडवणार?

"काय चाललं, पाटील?"

"काही नाई, आजी. तुमी कायले आल्या? घरी बसा."

"गोदीच्या तोंडात पान घालायले आली. खड्डा कोनासाठी खनून राहिले?"

म्हातारी ओट्याच्या पायरीवर बसली. दम घेतला. मग सावकाश म्हणाली, "पाटील, तुमच्या घरची लाखवात झाली. आठवते का?"

"त्याचं काय इथं?"

"त्यातल्या निम्म्या वाती गोदीच्या हातच्या."

मला वाटलं, आता माझं नाव निघणार. पाटील म्हणाला, "शिवाच्या मायनं दिल्या होत्या ना त्या?"

"शिवाच्या मायच्या हातची वात मले वयखू येत नाई का? नाडे वयते ते बाई." म्हातारी अशा वेळीसुद्धा हसली. "पहिली टोपली आली तवाच समजलं. म्या टोपली महादेवापुढे ठेवली, म्हनलं, तुले चालत असंन तं जयू देजो, नाई तं इझवजो. एकही इझली नाई. तवापासून रोजच्या वाती तिच्याच. तुमचा नातू झाला, तुमी गावजेवन घातलं, नवस पावला म्हनलं. तो कोनाच्या हातच्या वातीनं पावला?"

पाटील पागोटं सावरायला लागला.

"देवानं तिच्या हातची आग घेतली," म्हातारी उठली, "आन् तुमी तिले आग देत नाई? मंग पाटीलबावा, एक तं तिचा रोग खोटा, नाई तं तुमचा नवस खोटा. काय ते ठरवा, म्या आत जातो."

आणि ती आत आली. तुझ्या ओठांवर तिनं तुळशीचं पान ठेवलं. तुझ्या हाताची बोटं आपल्या हातात घेतली, जरा वेळ धरली, आणि मला म्हणाली, "हे बोटं गेले माय. आता देवाले नाडेच मियतीन."

बाहेर पाटील वहाणा घालून उठला. शेवटी म्हणाला, "मसनात नाई. तुमच्या वावरात काय करता ते करा." सगळं नाही दिलं त्यानं, गोदे. गावाच्या मसणात तुला जागा मिळालीच नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण माती नाही.

खांद्याला दादा पुढे झाला, शिवा झाला, गुरविणीचा लेक झाला. चौथा खांदा रिकामा. माणसं जमिनीकडे बघत होती. मग सखूच्या नवऱ्यानं तोंडातला तंबाखू थुंकला, धोतर आवरलं आणि येऊन उभा राहिला. सखू उंबऱ्यात उभी होती. तिनं मघाची ती घागर उचलली आणि आत आणून ठेवली. उशिरा आणली, पण आणली.

लाकूड कुणी दिलं नाही. बांधावरची बाभूळ दादानं स्वतः तोडली, आणि वर वेचणी झालेल्या पऱ्हाट्या घातल्या, सगळ्या वावराच्या. मी गावकुसापर्यंत गेले, बाईमाणसाला त्यापुढे वाट नाही. तिथून धूर दिसला. पांढरा होता, सरळ वर गेला. शिवा घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं, कशी जळली. त्याला आधी समजलं नाही. मग म्हणाला, "माय, आग झटकन धरली. पऱ्हाटी होती ना. आत्याच्या पायाशी मी होतो, मी हात लावला तिच्या पायाले. आतापावतो कधी लावला नोहता."

तर ही पहिली गोष्ट. तुला आग मिळाली.

आणि दुसरी तू ऐकलीसच आता. गुरविणीला ठाऊक होतं. पहिल्या टोपलीपासून. तू पिंपळामागे घोंगडी पांघरून उभी असायचीस आणि तुला वाटायचं, आत जे जळतंय ते वैनीच्या नावानं जळतंय. नाही गोदे, तुझ्याच नावानं जळत होतं. म्हातारी रोज वात लावताना तुझं नाव घेऊन लावायची. मी तिला विचारलं, मग एकदा तिला हाक का नाही मारली, आजी? ती म्हणाली, "मले वाटलं, तिले लपवायचं हाय. म्या काहून उघडं करू?" तुला वाटत होतं तिला माहीत नाही, तिला वाटत होतं तुला हे कुणाला कळू द्यायचं नाही, आणि मधे मी, टोपली घेऊन जाणारी, सगळ्यात बोलकी, नेमकी या एका गोष्टीत मुकी. एवढंसं वाक्य होतं. देवळाच्या पायरीपासून आपल्या मागच्या दारापर्यंत ते आलंच नाही.

तू गेलीस त्या जागी दिवा ठेवलाय. तेराव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही. आजवर तुझ्याच दुरडीतल्या वाती घालत होते. आज शेवटची लागली. दुरडी झटकली तर तळाशी थोडी राख निघाली, तुझ्या बोटांची. ती मी बोटांना लावली आणि तू दाखवायचीस तसा कापूस ओढायला बसले, हळू, टोक न तोडता. नाडाच झाला. तेलात भिजवून ठेवलाय. संध्याकाळी तुझी वात संपली की तिच्यावरूनच पेटवीन.

थोडी काजळी धरेल. हस तू.